टोळाच्या पलंगाखालची चिकटपट्टी

घर किडेमाऱ्यांचं होतं. दुकानाच्या पाटीवर बाबांनी 'पेस्ट कंट्रोल' असं ऐटीत रंगवून घेतलं होतं खरं, पण गल्लीतली पोरंसोरंसुद्धा 'किडेमाऱ्यांकडे' असाच पत्ता सांगत, आणि बाबांना त्याचं काही वाटत नसे. खाली दुकान, वर घर, आणि मधल्या जिन्यात पंप, नळ्या, मास्क आणि रबरी बूट असे दाटीवाटीने उभे की पाहुणा वर पोचेपर्यंत निम्मा निर्जंतुक होऊन जाई.

माणसांची नावंही धंद्यातूनच पडली होती. थोरली मुलगी दिवसभर काही ना काही इकडून तिकडे वाहत असायची म्हणून मुंगी. धाकटा मुलगा हातापायांनी लांबलचक, स्वतःचं ताट फस्त करून शेजारच्या ताटाकडे बघणारा, म्हणून टोळ. मुंगीला मुलगी झाली तेव्हा दुपट्यात गुंडाळलेला तो ऐवज बघून बाबा म्हणाले, अळी आहे नुसती, आणि ते नाव खरं नाव ठेवायच्या आधीच चिकटलं. आईला मात्र किड्याचं नाव ठेवायची बाबांची छाती कधी झाली नाही.

मुंगीचा नवरा बोटीवर कामाला. तो पाण्यात असला की मुंगी अळीला घेऊन माहेरी, आणि माहेरी आली की आपोआप दुकानाच्या गल्ल्यामागे. फोन घेणं, गिऱ्हाइकांना वेळा देणं, आणि मुख्य म्हणजे पट्ट्या वाचणं हे तिचं काम. या धंद्यात बाबांचा एकच कडक नियम होता: आधी चिकटपट्टी, मग औषध. गिऱ्हाईक कितीही घसा फोडून सांगो की आमच्याकडे ढेकूण झालेत, आधी त्याच्या पलंगाखाली गोंदाची पट्टी सरकवायची, आठवडाभराने काढायची, आणि तिच्यावर कोण अडकलंय ते बघून मगच पंपाला हात लावायचा. मुंगीला पट्टीवरच्या एका तंगडीवरून सगळा प्राणी ओळखता यायचा. हे कौतुक ती लग्नाआधी नवऱ्याला सांगायला गेली होती, तेव्हा तो जेवत होता.

तर अशा घरात टोळ जेवेनासा झाला.

आधी कोणाच्या लक्षात आलं नाही, कारण डबे रिकामे होत नाहीत याची तक्रार कोण करतं? मग त्याची पँट घसरायला लागली आणि पट्ट्याला खिळ्याने नवीन भोकं पडली. आई म्हणाली, औषधाच्या वासाने भूक मेलीय पोराची. तो खोकायला लागला, बेसिनमध्ये काळपट थुंकायला लागला. बाबा म्हणाले, धूर छातीत गेलाय, आणि त्याला दोन गाळण्यांचा महागडा मास्क आणून दिला. ओठ भाजलेले, फुटलेले दिसायला लागले. टोळ म्हणाला, चहा गरम होता. बोटांची टोकं करपली. म्हणाला, पंपाची मोटर तापते. पडद्याच्या फटीतून तो तासन् तास रस्त्याकडे बघत उभा राहायला लागला, कोण आलं, कोण गेलं, ती पांढरी गाडी सकाळपासून का उभी आहे. यावर तर बाबा खूशच झाले. म्हणाले, नजर तयार होतेय, आमच्या धंद्याला हेच लागतं.

उंदरांची बिळं बुजवायला लागतो तो बारीक तारेचा गुंडा, भांडी घासायच्या तारेपेक्षाही मऊ, दुकानातून भराभर संपायला लागला. बाबांनी गिऱ्हाइकांसमोर सांगितलं, आमचा मुलगा एक बीळ सोडत नाही.

प्रत्येक रोगाला धंद्याकडे उत्तर होतं. इतका सोयीचा धंदा दुसरा नसेल.

मग एका सकाळी टोळ बनियनवर जिना उतरून आला, दोन्ही दंड खाजवून रक्ताळलेले, आणि म्हणाला, घरात ढेकूण झालेत. अंगावरून चालतात. नुसते अंगावरून नाही, कातडीखालून चालतात.

डॉक्टरांच्या घरात साथ यावी तशी अवकळा पसरली. आईने दुकानाचं दार लोटून घेतलं, बाहेर ऐकू गेलं तर धंदा बसायचा. बाबांच्या चेहऱ्यावर तर असे भाव आले की जणू कोणीतरी त्यांच्या वडिलांना शिवी दिलीय. किडेमाऱ्याच्या घरात किडे! आणि इथेच त्यांनी जन्मात केली नव्हती ती गोष्ट केली. पट्टी न लावता थेट पंप उचलला.

सगळं घर फवारलं. मुंगी अळीला पोटाशी बांधून दिवसभर बागेतल्या बाकावर बसून राहिली. आठवडा गेला नाही तोच टोळ परत म्हणाला, आहेत. परत फवारलं, परत बाग. तिसऱ्यांदा गाद्या जाळल्या. बागेच्या माळ्याला एव्हाना वाटायला लागलं होतं की या बाईला घरातून काढून टाकलंय. त्याने अळीला एक फूल दिलं आणि मुंगीला वकिलाचा पत्ता.

चौथ्यांदा बाबा मास्क चढवायला लागले तेव्हा मुंगीने त्यांच्या हातातून तो काढून घेतला. म्हणाली, बाबा, गिऱ्हाइकाला जे करता ते घरात का नाही? आणि तिने टोळाच्या पलंगाच्या चारही पायांशी आणि मधोमध पट्ट्या सरकवल्या.

आठवड्याने, टोळ आणि बाबा कामावर गेल्यावर, तिने त्या काढल्या आणि खिडकीपाशी उजेडात धरल्या. ढेकूण नव्हता. ढेकणाची तंगडी नव्हती. साधी मुंगीसुद्धा नव्हती. होते ते तारेचे काळवंडलेले बारीक तुकडे, काड्यापेटीच्या जळक्या काड्या, आणि मधल्या पट्टीवर, तांदळाच्या कणीएवढा, पिवळट पांढरा एक खडा.

तिने तो नखाने टोकरून पाहिला. साखर नाही, मीठ नाही, दुकानातलं कुठलं औषध तर नाहीच. मागे जमिनीवर अळी रांगत होती. नुकतीच शिकली होती आणि घरातल्या केराची सगळी मोजदाद तोंडाने करत होती: बटण, दोरा, बाबांच्या चपलेचा पट्टा. रोज ती मामाच्या पलंगाखाली शिरायची, कारण तिथे पट्ट्यांचा चकचकीत कागद दिसायचा. मुंगीने तिला इतक्या जोरात उचललं की ती आधी हसली आणि मग विचार करून रडली. मुंगीने तिच्या तोंडात बोट घालून सगळ्या हिरड्या तपासल्या. काही नव्हतं. तरी ती तिला छातीशी धरून कितीतरी वेळ तशीच उभी राहिली, आणि तिच्या कानामागचा दुधाचा वास घेत राहिली.

टोळाने दुकानाची गाडी दारात लावली, बाबा उतरून आत गेले, तशी मुंगी येऊन बाबांच्या जागेवर, त्याच्या शेजारी बसली. पट्टी मांडीवर. त्याने पट्टीकडे बघितलं, आणि ढेकूण सापडला का असं विचारायचंही त्याने टाळलं.

"काय आहे हे?"

त्याने आधी धंद्यातली चार उत्तरं देऊन पाहिली. मुंगीने ती चारही ऐकून घेतली, कारण तिला ती आधीच ठाऊक होती. मग त्याने डॅशबोर्डचा कप्पा उघडला आणि फडक्यात गुंडाळलेली बोटभर काचेची नळी काढून तिच्या पुढ्यात ठेवली. एक टोक काळं. आत त्यांच्याच दुकानातला तारेचा गुंडा. क्रॅक, तो म्हणाला. कोकेनचे खडे. गरम करून त्याचा धूर ओढायचा.

मुंगीला वाटलं होतं की ती चिडेल. तिने विचारलं ते वेगळंच. कसं वाटतं?

टोळाने बराच वेळ स्टिअरिंगवर अंगठा घासला. पहिल्यांदा ओढलं, तो म्हणाला, तेव्हा असं वाटलं की आजवर मी अर्ध्या दिव्यावर जगत होतो. ते पाच-दहा मिनिटं टिकतं. मग कोणीतरी खालची सतरंजी खेचून घेतं, आणि परत तेच हवं होतं. आता तर तेही वाटत नाही. आता नुसतं साधं वाटावं म्हणून ओढतो, आणि साधंही वाटत नाही. झोप लागत नाही. गाडीतली माणसं आपल्याच मागावर आहेत असं वाटतं.

"आणि ढेकूण?"

"ते मात्र खरे आहेत, ताई," तो तळमळून म्हणाला. "बाकी सगळं माझं, पण ढेकूण खरे आहेत."

मुंगीने पट्टी त्याच्यासमोर धरली. त्याने ती उलटसुलट करून बघितली, आणि त्याच्या डोळ्यांत जे आलं ते तिला बघवेना. गोंदावर एकही तंगडी नसणं म्हणजे काय, हे त्यालाही लहानपणापासून शिकवलेलं होतं.

त्याने शब्द दिला की आजपासून बंद. नळी तिच्यादेखत गटारात फेकली. फक्त बाबांना सांगू नकोस, एवढंच म्हणाला. आणि मुंगीने नाही सांगितलं. पलंगाखालची जमीन तिने गुडघ्यांवर बसून ओल्या फडक्याने पुसली, तो बाहेर गेला की खोलीला बाहेरून कडी लावायला लागली, अळीला कमरेवरून खाली ठेवेनाशी झाली. अळीला रांगायची तहान लागलेली; ती कमरेवरूनच हवेत पाय मारायची. एवढं सगळं मुंगी करू शकत होती, पण बाबांच्या समोर उभं राहून एक वाक्य बोलणं तिला जमत नव्हतं. रोज सकाळी ती ते वाक्य घेऊन जिना उतरायची आणि दुकानात पोचेपर्यंत ते फोन, वेळा, पट्ट्या यांत कुठेतरी पडून जायचं.

त्या शब्दाने एक शनिवार पाहिला, दुसरा पाहिला नाही.

नाटकगृहाच्या कपडेपटात कसर लागली होती. राजाराण्यांच्या मखमलीला भोकं पडली होती, आणि काम मोठं होतं. दुपारी बाबांचा फोन आला. टोळ संडासला म्हणून गेला, आला तो घामाने निथळत, छाती धरून, आणि राजवस्त्रांच्या ढिगात बसला तो उठला नाही. औषध लागलंय त्याला, बाबा म्हणाले, मास्क काढला असेल गाढवाने. अँब्युलन्स बोलावलीय.

आई बाहेर गेली होती. मुंगी अळीला काखोटीला मारून तशीच निघाली. इस्पितळात पोचली तर दारातच नाटकगृहाचा कपडेवाला धापा टाकत उभा. टोळाला थंडी भरली म्हणून कोणीतरी त्याच्यावर जरीचा लाल झगा टाकला होता आणि अँब्युलन्स तो झग्यासकट घेऊन आली होती. रात्री प्रयोग आहे हो, तो बिचारा ज्याला त्याला सांगत होता, राजाला काय बनियनवर उभा करू?

आत टोळ खाटेवर, छातीला वायरी, कमरेखाली अजून राजा. चेहरा राखेसारखा. डॉक्टरीणबाई दिवसभर पायांवर उभ्या असाव्यात, एका चपलेतून टाच काढून बोलत होत्या. बाबा त्यांना औषधाचा डबा दाखवून मागचं बारीक अक्षर वाचायला लावत होते.

बाईंनी ते नीट वाचलं आणि डबा परत दिला. म्हणाल्या, या विषाने डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात, लाळ गळते. याच्या बाहुल्या बशीएवढ्या झाल्यात, तोंड कोरडं पडलंय, रक्तदाब छताला भिडलाय. या वयात अशी छाती दुखत नाही. याने काय घेतलंय?

बाबांनी छताकडे बघितलं. बाहुल्यांचं ते वाक्य दुकानातल्या भिंतीवर, मोठ्या अक्षरांत, त्यांनीच चिकटवलेलं होतं. घरातल्या सगळ्यांना ते तोंडपाठ होतं. "काही घेत नाही तो," ते म्हणाले. "आमच्याकडे चहाच्या पुढे कोणी जात नाही."

बाई टोळाकडे वळल्या. टोळाने मान हलवली. नाही. मग त्याने मुंगीकडे बघितलं, आणि त्या बघण्यात गाडीतलं सगळं बोलणं होतं.

"हे बघा," बाई म्हणाल्या, "हृदय शांत करायला एरवी आम्ही जे औषध देतो, ते काही नशांवर दिलं तर उलटतं. त्याच्या हृदयाच्या नळ्या आवळल्या गेल्यात. मला अंदाज नकोय, नाव हवंय. आत्ता."

अळीने मुंगीच्या कानातलं पकडलं आणि ओढलं. आपल्या आईने आता काहीतरी करावं, अशा बेताने.

"क्रॅक," मुंगी म्हणाली. "कोकेनचे खडे ओढतो. आजही ओढलं असणार. मला माहीत होतं."

शेवटचं वाक्य तिने बाबांना सांगितलं.

बाई लगेच कामाला लागल्या. पायातून काढलेली टाच चपलेत गेली, नर्सला दोन नावं सांगितली, एक नाव ठामपणे नको म्हणून सांगितलं, टोळाच्या जिभेखाली काहीतरी फवारलं. बाबा त्या छोट्या पंपाकडे बघत राहिले. मग ते टोळाकडे बघायला लागले आणि टोळ झग्याच्या जरीकडे.

"ताई खरं बोलतेय, बाबा," तो अखेर म्हणाला. "बिळंबिळं काही बुजवली नाहीत मी. तार सगळी त्यातच गेली."

बाबा स्टुलावर बसले. त्या माणसाने आयुष्यात लोकांच्या न्हाणीघरात, माळ्यावर, गाद्यांत काय काय पाहिलं होतं आणि कधी तोंड वळवलं नव्हतं. आत्ता मात्र त्यांनी हातातल्या डब्याचं झाकण उघडलं, लावलं, उघडलं, लावलं. मुंगीला वाटलं, आता ओरडतील. ते ओरडले असते तर बरं झालं असतं.

संध्याकाळपर्यंत दुखणं उतरलं. बाईंनी सगळ्यांना समोर बसवून सांगितलं, आणि गोड करून अजिबात सांगितलं नाही. झटका थोडक्यात हुकलाय. पुढच्या वेळी हृदय तरी थांबेल किंवा मेंदूची नळी तरी फुटेल, आणि त्यासाठी आणखी पंचवीस वेळा ओढावं लागेल असं नाही, एकदाही पुरे. फुप्फुसं भाजलीत, ती काही अंशी भरतील. ते चालणारे किडे हासुद्धा त्याचाच खेळ. जागरण आणि खडे मिळून मेंदूला खोटी बातमी देतात. ओढणं थांबलं की बहुतेक वेळा तेही थांबतात.

बाबांनी पहिल्यांदा तोंड उघडलं. विचारलं, यावर फवारायला काय असतं?

बाई म्हणाल्या, काही नसतं. ही तलफ मारायचं औषध अजून कोणाकडे नाही. व्यसनमुक्तीचे लोक आहेत, बोलणं आहे, नेमाने येणं आहे. सुटतं, परत लागतं, परत सोडवायचं.

"म्हणजे वार्षिक करार," बाबा म्हणाले.

बाईंना कळेना. मुंगीने समजावलं की आमच्यात कोणी एकदा फवारून कायमचा सुटत नाही, दर महिन्याला जाऊन बघावंच लागतं. बाई म्हणाल्या, हो, तसंच समजा. बाबांनी मान डोलावली. धंद्यातलं एकदा कळलं की मग त्यांना बरं वाटायचं. झगा काढून घेताना कपडेवाल्याने टोळाच्या खांद्यावर थाप मारली आणि आमच्याकडे रोज मरणारा राजा उद्या परत उभा असतो, तुम्हीही राहा, असं म्हणून तो पळाला.

टोळ दोन दिवस नुसता झोपला. जागा झाला तो चिडचिडा, रडवेला, आणि पहिलं वाक्य बोलला ते असं की या खाटेतही ढेकूण आहेत. नर्सला राग आला. मुंगीने पिशवीतून एक नवी पट्टी काढली, मागचा कागद सोलला, आणि सगळ्या वॉर्डादेखत वाकून ती खाटेखाली सरकवली. उद्या सकाळी दोघं मिळून वाचू, म्हणाली. तोवर खाजवायचं नाही.

सकाळी ती आली तेव्हा तो उठून बसलेला होता, हात मांड्यांखाली दाबून. बाबा होते. अळीच्या हातात कुस्करलेल्या केळ्याची वाटी होती आणि केळं बरंचसं अळीवर होतं. मुंगीने पट्टी ओढून काढली आणि आधी न बघता त्याच्या हातात दिली.

टोळाने बघितलं. मग पट्टी तशीच तिच्याकडे वळवली.

"ताई, हे तुलाही दिसतंय?"

गोंदाच्या मधोमध, मिशा हलवत, एक झुरळ अडकलं होतं.

"दिसतंय," मुंगी म्हणाली. "झुरळ आहे. मादी. पोटाला अंड्यांची पेटी."

"खरं?"

"खरं. आणि ढेकूण?"

त्याने पट्टी खिडकीकडे धरली. कडेपासून कडेपर्यंत, लहानपणी बाबांनी शिकवलं होतं तसं, रांगेरांगेने वाचली. खूप वेळ लागला. "नाही," तो म्हणाला. "एकही नाही." आणि दंडाकडे बघून, कोणाला उद्देशून ते कळलं नाही, "नाही रे कोणी."

तोवर बाबांनी पट्टी हिसकावून घेतली होती. त्यांच्या चेहऱ्यावर तीन दिवसांनी रंग आला. इस्पितळात झुरळ! त्यांनी खिशातून दुकानाचं कार्ड काढलं, केस सारखे केले, आणि मिशा हलवणारा तो पुरावा समोर धरून मोठ्या साहेबांची खोली शोधायला निघाले. दारात नर्सने किंकाळी फोडलेली ऐकू आली. टोळ हसला. छातीला धरून, दुखतंय दुखतंय म्हणत हसला, इतका की यंत्राने टूंटूं सुरू केलं आणि दुसऱ्या नर्सला धावत यावं लागलं. ती गेल्यावर तो डोळे पुसत पडून राहिला. मुंगीला ठाऊक होतं की यातलं निम्मं हसणं होतं आणि निम्मं नव्हतं. हेही ठाऊक होतं की घरी गेल्यावर तलफ जिन्यात पंपांच्या रांगेत उभी असणार, आणि यापुढे पलंगाखाली वाकायचं काम तिच्या पाठीला लागलं ते लागलं. पण या खेपेला ती लपवून नव्हे, बाबांच्या देखत वाकणार होती.

तिने अळीला खाटेवर ठेवलं. किती दिवसांनी कमरेवरून उतरवलं होतं. अळी चादरीवरून रांगत मामाच्या पोटापर्यंत पोचली आणि तिथे वाटी टेकवून दम खायला बसली.

टोळाने वाटीत बघितलं. "हे खाणारेस का तू?" त्याने तिला रीतसर विचारलं. उत्तर आलं नाही. त्याने बोट घालून थोडं चाटलं. मग आणखी थोडं. मग वाटी उचलली आणि फुटलेल्या ओठांनी, चरचरतंय म्हणत म्हणत, सगळी साफ केली, आणि मान वळवून शेजारच्या खाटेवरच्या आजोबांच्या नाश्त्याकडे बघायला लागला.

अळीने रिकाम्या वाटीत डोकावलं, मामाकडे बघितलं, आणि सगळ्या इस्पितळाला ऐकू जाईल असं भोकाड पसरलं.